पाण्याचा फेरा आणि पंपाचे ‘हेड’ : हायड्रॉनिक रचनेचे अध्यापन व मूल्यमापन

इमारतीतील हवा थंड किंवा गरम करण्यासाठी पाणी हे उष्णतेचे वाहन म्हणून वापरले जाते, तेव्हा त्या व्यवस्थेस हायड्रॉनिक व्यवस्था म्हणतात. चिलर पाण्याला साधारणतः ७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतो. पंप ते पाणी नळांतून मजल्यामजल्यांवर नेतो. तेथे कॉइलवरून पंखा हवा फिरवितो, पाणी खोलीची उष्णता उचलते आणि १२ अंशांच्या आसपास परत येऊन पुन्हा चिलरमध्ये शिरते. थंड देशांत चिलरच्या जागी बॉयलर किंवा हीट पंप असतो आणि उष्णता उलट दिशेने जाते. तत्त्व मात्र तेच राहते. एक अंश तापमानबदलात एक घनमीटर पाणी जेवढी उष्णता वाहून नेते तेवढी नेण्यास सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा लागते. म्हणूनच मोठी रुग्णालये, औषधनिर्मितीचे कारखाने, हैदराबादेतील संगणक कंपन्यांच्या इमारती आणि आखाती देशांतील संपूर्ण वसाहतींचे शीतकरण पाण्यावर चालते.

आपल्याकडील विद्यार्थी या क्षेत्रात बहुधा रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगच्या व्यवसाय शिक्षणातून येतात. गॅस भरणे, गळती शोधणे, कॉम्प्रेसर बदलणे ही कामे त्यांना सफाईने जमतात. परंतु रचना, म्हणजे किती पाणी, कोणत्या मापाचा नळ, कोणता पंप, हे ठरविण्याचे काम त्यांच्या वाट्याला क्वचितच येते आणि वेतनातील फरकही तेथेच पडतो. डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याने विद्यार्थ्याने किती वर्षे शिकले यापेक्षा त्याला काय करता येते हा निकष पुढे आणला. या निकषावर रचनेसारख्या विषयाची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न सामुदायिक महाविद्यालयांच्या अध्यापकांसमोर आहे. सूत्र लिहून अचूक आकडा काढणारा विद्यार्थी उत्तीर्ण होतो; पण त्याने रचलेली व्यवस्था वर्षानुवर्षे दुप्पट वीज खाऊ शकते, आणि उत्तरपत्रिकेत त्याचा मागमूसही राहत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पंपाचे ‘हेड’.

हा शब्द विद्यार्थी महाविद्यालयात शिकत नाही. तो घरून घेऊन येतो. बोअरवेलचा पंप घेताना दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “किती फुटांचे हेड हवे?” तेथे हेड म्हणजे मुख्यतः पाणी किती उंच चढवायचे ती उंची, आणि तेथे ते बरोबरही आहे. वर्गात ‘हेड’साठी मराठीत ‘शीर्ष’ हा शब्द येतो. काही अध्यापक सोयीसाठी सरळ ‘उंची’ म्हणतात, आणि उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला समजावताना ‘बुलंदी’ हा शब्द सहज तोंडी येतो. तिन्ही शब्द त्याच्या मूळ समजुतीला बळकटीच देतात. परिणामी बंद नळमार्गाच्या पंपाची निवड करताना तो घर्षणाचा दाब काढतो आणि त्यात इमारतीची उंची मिळवून मोकळा होतो.

बंद फेऱ्यात ही उंची मिळवायची नसते. विहिरीवरची मोट आणि जत्रेतला आकाशपाळणा यांतील फरक येथे उपयोगी पडतो. मोटेतले पाणी वर येऊन पाटात ओतले जाते आणि पुढे निघून जाते. तेव्हा प्रत्येक मोटेची चढण बैलांनाच ओढावी लागते. आकाशपाळण्यात मात्र जेवढे पाळणे वर चढतात तेवढेच दुसऱ्या बाजूने खाली उतरतात. उतरणाऱ्यांचे वजन चढणाऱ्यांना उचलते आणि यंत्राला फक्त घर्षण जिंकावे लागते. पाण्याने भरलेल्या बंद नळमार्गाचेही असेच आहे. इमारत तीन मजल्यांची असो वा तीस, फेरा पूर्ण असेल तर पंपाला केवळ नळ, जोड, झडपा, कॉइल आणि चिलर यांतील अडथळाच पार करावा लागतो.

आकड्यांनी पाहिल्यास या चुकीची किंमत कळते. एका तीन मजली ग्रंथालयाचा शीतकरणाचा भार ३० टन, म्हणजे १०५.५ किलोवॅट आहे असे धरू. (शीतकरणातला एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जी उष्णता लागते त्यावरून हे माप आले. विद्यार्थी ‘टन’ हे यंत्राचे वजन समजतात, हेही येथेच निस्तरावे.) पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१९ आणि जाणाऱ्या व येणाऱ्या पाण्यातील तापमानफरक ५.५ अंश धरल्यास सेकंदाला सुमारे ४.६ लिटर पाणी लागते. जाण्यायेण्याचा सर्वांत लांब मार्ग १२० मीटरचा आणि नळ ८० मिलिमीटरचा घेतला, तर दर मीटरला सुमारे १२७ पास्कल दाब खर्च होतो. जोड व वळणांसाठी त्यात निम्मी भर घातली की २३ किलोपास्कल होतात. कॉइलचे ३०, नियंत्रक झडपेचे ३० आणि चिलरचे ५० मिळविल्यास एकूण १३३ किलोपास्कल, म्हणजे साडेतेरा मीटर हेड येते. इमारतीची १२ मीटर उंची मिळविणारा विद्यार्थी साडेपंचवीस मीटरचा पंप मागवील.

पुढे काय होते, हे बहुतेक वर्गांत सांगितलेच जात नाही. हा मोठा पंप बंद पडत नाही, आवाजही करीत नाही. तो गरजेपेक्षा जास्त पाणी ढकलतो, एवढेच. भार तोच राहून पाणी दुप्पट झाले तर तापमानफरक निम्मा होतो, म्हणजे ५.५ अंशांऐवजी पाऊणेतीन अंशच मिळतात. एकाहून अधिक चिलर असलेल्या ठिकाणी पाण्याचे प्रमाण वाढले म्हणून दुसरा चिलर सुरू करावा लागतो, जरी थंडाव्याची गरज एकाच चिलरची असली तरी. देखभाल करणारा मग झडप अर्धी बंद करतो. म्हणजे विकत घेतलेला दाब झडपेत जाळून टाकतो. पंपाचा वेग कमी करता आला तर बरे, कारण वेग ८० टक्के केल्यास सिद्धांतानुसार वीज सुमारे ५१ टक्क्यांवर येते. परंतु सुरुवातीलाच योग्य पंप निवडला असता तर ही पाळीच आली नसती.

मात्र ‘उंची विसरा’ असा मंत्र देणारा अध्यापक नवी अडचण निर्माण करतो. उंचीचे स्थान वेगळे आहे, ती नाहीशी झालेली नाही. नळमार्ग प्रथम भरताना पाणी सर्वांत वरच्या कॉइलपर्यंत पोहोचून थोडा दाब शिल्लक राहिला पाहिजे. १२ मीटरसाठी तळाशी सुमारे १.२ बार आणि वर आणखी अर्धा बार. एक्स्पान्शन टाकीचा दाब याच हिशेबाने ठरतो. तळमजल्यावरील उपकरणाला किती दाब सहन करावा लागेल हेही उंचीच सांगते, आणि उंच इमारतींत हा प्रश्न गंभीर होतो. छतावरील कूलिंग टॉवरमध्ये पाणी हवेत मोकळे पडते. तेथे हौदातील पाण्याच्या पातळीपासून वरच्या फवाऱ्यापर्यंतची उंची पंपालाच चढावी लागते. तेथे तो पुन्हा मोटेचा हिशेब होतो. एकाच इमारतीत एकच उंची एका ठिकाणी धरायची, दुसऱ्या ठिकाणी सोडायची आणि तिसऱ्या ठिकाणी तिच्या एका भागापुरतीच मोजायची. विषय समजला की नाही, हे या एका प्रश्नातून जेवढे उघड होते तेवढे दहा सूत्रांतून होत नाही.

तेव्हा मूल्यमापनाचा रोख अंतिम आकड्यावर नको, निर्णयांच्या साखळीवर हवा. भार, तापमानफरक, पाण्याचे प्रमाण, नळ, दाब, पंप आणि नियंत्रण या कड्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. भार काढताना चूक झाली तर पुढचे सर्व आकडे चुकतात. पण पुढची पद्धत बरोबर असेल तर त्या गुणांना कात्री लावणे अन्यायाचे आहे. चुकलेला आकडा पुढे नेऊन त्यावर विद्यार्थ्याने योग्य विचार केला का, हे तपासावे. याउलट उत्तर बरोबर आले पण बंद मार्गात उंची धरून दुसरीकडे काहीतरी गाळल्यामुळे आले, तर ते बरोबर नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्लेसर यांनी १९६३ मध्ये निकषाधारित मापनाची जी कल्पना मांडली, तिचा व्यवहारी अर्थ असाच घेता येतो. विद्यार्थी वर्गात कितवा आला हे सांगून मालकाचे काम भागत नाही. त्याच्या हाती पंपाची निवड सोपविता येईल का, हे त्याला हवे असते.

येथे दुसरा एक पेच आहे. रचनेच्या प्रश्नाला एकाहून अधिक योग्य उत्तरे असतात. वरील उदाहरणात ६५ मिलिमीटरचा नळ घेतला तर पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर होतो आणि घर्षण जवळजवळ तिप्पट वाढते. नळ स्वस्त पडतो, वीज महाग. दोन्ही निवडी चालण्यासारख्या आहेत. उत्तरतालिकेत ‘८० मिलिमीटर’ एवढेच छापलेले असेल तर ६५ घेऊन त्याची कारणे नीट सांगणारा विद्यार्थी नापास होईल आणि शेजाऱ्याचे पाहून ८० लिहिणारा उत्तीर्ण होईल. यावर तोंडी परीक्षा हा जुना उपाय अजूनही सर्वांत भरवशाचा आहे. “बेटा, हा नळ एक माप लहान केला तर काय काय बदलेल?” एवढा एक प्रश्न पुरतो. उत्तरात पंपाचे, विजेचे आणि आवाजाचे नाव आले पाहिजे. भाराचे नाव आले तर मात्र थांबून चौकशी करावी, कारण खोलीची उष्णता नळाच्या मापाने बदलत नाही.

प्रयोगशाळेचे साधन नाही, ही तक्रार रास्त असली तरी या विषयापुरती तिच्यावर मात करता येते. अमेरिकेतील बेल अँड गॉसेट या पंप उत्पादक कंपनीने इलिनॉय राज्यात मॉर्टन ग्रोव्ह येथे १९५४ पासून ‘लिटल रेड स्कूलहाउस’ नावाची शाळा चालविली आणि चालत्या नळमार्गांवर अभियंत्यांना शिकविले. तेवढी सामग्री आपल्याला परवडणार नाही. पण वाळ्याच्या कूलरमधला छोटा पंप, एक बादली आणि पारदर्शक नळी कोठेही मिळते. नळीचे मोकळे टोक हळूहळू वर न्यावे. पंपाच्या कमाल उंचीवर, समजा दोन मीटरवर, पाणी थांबते. आता नळी आणखी वर, अडीच मीटरवर टांगून तिचे दुसरे टोक त्याच बादलीत बुडवावे. मात्र नळी आधी पूर्ण पाण्याने भरून घ्यावी, आत हवा राहू देऊ नये. पंप सुरू करताच पाणी फिरू लागते. पंप सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाकडून ‘फिरेल की नाही, आणि का’ हे लिहून घ्यावे आणि तो कागद गुणांसाठी नव्हे, पुढच्या चर्चेसाठी ठेवावा. नळीत हवा राहिली तर प्रयोग फसतो. तो फसला तरी हरकत नाही. इमारतीतल्या वरच्या मजल्यावरचे कॉइल हवा अडकल्याने का थंड होत नाही, हे त्याच वेळी शिकविता येते.

उष्णतेच्या बाजूचा अभ्यास आपल्या हवामानात अनावश्यक वाटेल; परदेशी जाणाऱ्यांसाठी तो तसा नाही. युरोपीय मानकात रेडिएटरची क्षमता खोलीपेक्षा पाणी सरासरी ५० अंशांनी गरम धरून सांगितलेली असते. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून नव्या किंवा पूर्णपणे बदललेल्या व्यवस्थेसाठी पाण्याचे तापमान ५५ अंशांहून जास्त नसावे अशी रचना अपेक्षित आहे. ५५ अंशांवर जाऊन ४५ वर परतणारे पाणी २० अंशांच्या खोलीत फरक ३० अंशांचाच ठेवते आणि तोच रेडिएटर छापील क्षमतेच्या जेमतेम निम्मी उष्णता देतो. माहितीपत्रकातला आकडा जसाच्या तसा उचलणारा विद्यार्थी येथे ताबडतोब सापडतो.

परिभाषेचा प्रश्न शेवटी राहतोच. हैदराबादेत १९१७ मध्ये स्थापन झालेल्या दारुल-तर्जुमाने उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानाचे हजारो शब्द उर्दूत घडविले. मराठीतही शासकीय परिभाषाकोश झाले. त्या श्रमांबद्दल आदर ठेवूनही कामाच्या जागेवर ‘हेड’, ‘फ्लो’, ‘व्हॉल्व्ह’ हेच शब्द चालतात, हे मान्य करावे लागेल. प्रश्नपत्रिकेत तेच ठेवावेत. मातृभाषा हवी ती स्पष्टीकरणात: विद्यार्थ्याने दख्खनी, मराठी वा उर्दू, ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत कारण सांगावे आणि परीक्षकाने त्याचे इंग्रजी न तपासता कारण तपासावे. ‘हेड’ शिकविताना मात्र ‘उंची’ हा प्रतिशब्द देऊ नये. ‘पंपाने द्यावयाचा दाब, पाण्याच्या स्तंभाच्या मीटरांत मोजलेला’ एवढे लांब वाक्य पहिल्या तासाला फळ्यावर लिहावे आणि सत्र संपेपर्यंत पुसू नये.