दोनशे तासांनंतर

विनोबा १९३२ साली नालवाडीत राहायला आले आणि पुढे केवळ सूतकताईच्या कमाईवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी इथेच केला. किती तास कातले म्हणजे पोट भरते, याचा हिशेब या गावाने पाहिलेला आहे. आता याच गावात वेगळ्या तासांची चौकशी होते. मुलगा बारावी विज्ञान झाला, त्याला वैमानिक व्हायचे आहे. दोनशे तास पुरे झाले की खासगी जेटवर नोकरी लागते का? शेत किंवा प्लॉट विकायला काढण्याआधी या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

आधी परवाना. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, पहिल्या वर्गाची वैद्यकीय पात्रता आणि २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमान स्वतःच्या जबाबदारीवर चालवलेले असावे लागतात. हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामानशास्त्र, तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण हवेत. विदर्भात नागपूरचा फ्लाइंग क्लब जुना आहे. गोंदियाजवळ बिरसी येथेही प्रशिक्षण संस्था आहे. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो.

पण हे तास बहुतेक एका इंजिनाच्या लहान विमानावर होतात. जेटसाठी बहुइंजिन आणि उपकरण-उड्डाणाची पात्रता लागते. शिवाय प्रत्येक जेटच्या प्रकाराचे वेगळे प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, घ्यावे लागते. एका प्रकारचे रेटिंग दुसऱ्यावर चालत नाही.

इथे ५,७०० किलोची मर्यादा कळीची आहे. व्यावसायिक परवानाधारक एवढ्या वजनापर्यंतच्या विमानाचा कॅप्टन होऊ शकतो. त्याहून जड विमानावर तो सहवैमानिकच. तिथे कॅप्टन व्हायला वाहतूक वैमानिक परवाना लागतो आणि त्याला १,५०० तास हवेत. किंग एअर बी-२०० या दोन पंख्यांच्या विमानाचे कमाल वजन ५,६७० किलो, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत. लिअरजेट ४५ मात्र नऊ टनांच्या वर जाते.

तरी नियमाची अट पुरी होणे आणि नोकरी मिळणे वेगळे. या क्षेत्रात कंपनीची स्वतःची विमाने असतात, परवानगी घेऊन भाड्याने दिली जाणारी असतात आणि राज्य सरकारांचीही असतात. एकेका मालकाकडे मोजकीच विमाने. नवशिक्यांची तुकडी घडवायची सोय तिथे नसते. विमा कंपनीही अनुभव पाहते. म्हणून अशा जागांवर बहुधा हवाई दलातून किंवा मोठ्या विमान कंपन्यांतून आलेली माणसे दिसतात.

अनुभव मागण्यामागे आणखी एक कारण आहे. इथे धावपट्टी लहान असते, उपकरणे अपुरी असतात आणि प्रवासी घाईत असतो. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे खराब हवामानात सभेला निघाले होते. मैनपुरीजवळ त्यांचे लहान विमान कोसळले. मोठ्या माणसाला ‘आज उडता येणार नाही’ असे सांगण्याचे बळ वैमानिकाच्या अंगी लागते, आणि ते दोनशे तासांत क्वचितच येते.

मोठ्या विमान कंपन्यांची मागणी खरी आहे; २०२३ मध्ये इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली. पण विमाने टप्प्याटप्प्याने येतात आणि सर्वाधिक ओढ कॅप्टनची असते. नवा परवानाधारक तोवर बिनपगारी थांबू शकतो, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी वैद्यकीय तपासणी, मग लेखी परीक्षा, त्यानंतर उड्डाणाची फी. परवान्यानंतर किमान दोन वर्षे थांबण्याची आणि टाइप रेटिंगची तरतूद हिशेबात आधीच धरावी. एवढे जमत असेल तर मुलाला जरूर पाठवावे. फक्त खासगी जेट ही पहिली नोकरी समजू नये. ती अनेकांना बऱ्याच उशिरा मिळते.