सणाचा शिधा आणि शाळेचें दार

मुक्ताबाईंची मांड्यांची आख्यायिका आपल्या घरोघरीं आजीच्या तोंडून ऐकिली जाते. भावंडांसाठीं मांडे करावेत असें त्या पोरक्या मुलीच्या मनांत आलें; परंतु विसोबांनीं कुंभारांस दटावून ठेविल्यामुळें तिला साधें खापरहि मिळेना. पुढील चमत्कार सर्वांस ठाऊकच आहे. पण तो बाजूस ठेविला तरी एक गोष्ट मनांत सलत राहते. त्या घरीं हौसेची उणीव नव्हती, कीं करणाऱ्या हातांची नव्हती. उणीव होती ती शेजाऱ्यांच्या आपुलकीची.

मुक्ताईंनीं इ. स. १२९७ मध्यें तापीकांठीं मेहूण येथें देह ठेविला, अशी परंपरा आहे. त्या परिसरांतील एदलाबादेस आज त्यांच्याच नांवानें मुक्ताईनगर म्हणतात. कापूस व केळी पिकविणारा हा मुलूख. येथें दिवाळी येते ती कापूस वेचणीच्या दिवसांत. आणि मजुराच्या मुलास सुटी लागते, ती पुष्कळदां आईबरोबर शेतांत जाण्यासाठीं. १९९५ सालीं सुरू झालेल्या योजनेमुळें सरकारी व अनुदानित शाळांतून आठवीपर्यंतच्या मुलांस दुपारचें जेवण मिळतें. पण शाळेस कुलूप लागलें कीं तें थांबतें. म्हणजे ज्या दिवसांत आपल्या घरीं डबे भरतात, त्याच दिवसांत कित्येक मुलांचा एक घास कमी होतो.

यावर उपाय शाळेच्याच दारीं आहे असें आम्हांस वाटतें. कोणाच्या घरीं काय उणें आहे, हें शिक्षकांस न विचारतां कळतें. सुटीपूर्वीं पंधरा दिवस त्यांनीं गरजू घरांची यादी करावी व ती मुख्याध्यापकांजवळच असावी. फळ्यावर नांव नको, रांगेंत उभें करणें नको, छायाचित्र तर नकोच. देणाऱ्या मुलानें पिशवी एका खोलींत ठेवून यावें. ती कोणाकडे गेली हें त्यास कधींहि कळूं नये. ज्यानें घ्यावयाचें, त्याच्या घरीं ती धनत्रयोदशीपूर्वीं सायंकाळीं पोंचावी.

पिशवींत काय असावें? आपल्याकडील उरलेला फराळ व विटके कपडे कदापि नसावेत. कोरा शिधा असावा. २०२२ च्या दिवाळींत राज्य सरकारनें शिधापत्रिकाधारकांस १०० रुपयांत रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकीं १ किलो आणि १ लिटर पामतेल दिलें होतें. हेंच माप आपणांसहि पुरेसें आहे. तयार लाडू मुलास गोड लागेल, पण शिधा त्याच्या आईचा मान राखील. कढई तिची, हात तिचे, आणि मुलांस हांक मारणारीहि तीच.

एवढें कसें साधेल, असें कोणी म्हणेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या वसतिगृहांतील मुलें मुष्टिफंडावर जेवलीं. गृहिणी रोज मूठभर धान्य बाजूस काढून ठेवीत, आणि त्या मुठींनीं मुलें शिकलीं. एकत्र कुटुंबांत तर हें अधिकच सुलभ आहे. आजीबाईंनीं श्रावणापासून रोज एक मूठ वेगळी ठेवावी, सुनांनीं ती निवडून पाखडून घ्यावी, नातवंडांनीं शाळेंत पोंचवावी. देण्याचा हा धडा पुस्तकांतील धड्याहून मुलांच्या अधिक लक्षांत राहील.

सुटी संपली कीं वर्गांत गुरुजी पहिल्याच दिवशीं विचारतात, “काय रे, दिवाळींत काय काय केलेंत?” त्या वेळीं एखादें मूल मान खालीं घालतें. पुढील वर्षीं त्यानेंहि मान वर करून सांगावें, “आमच्या आईनें लाडू केले होते.” तेवढ्यासाठीं आपल्या घरची एक मूठ जड आहे काय?