खेळ आणि पोट, भाग ६ : रग्बीत खाडा कोण भरून देणार?

गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम मावळ तालुक्यात येतं, हे पुण्यातल्या पुष्कळांच्या ध्यानातच नसतं. व्यावसायिक खेळ म्हणजे काय, हे मावळातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. सामन्याच्या दिवशी द्रुतगती मार्गावर होणारी कोंडीच ते सांगते. कबड्डीचे लिलाव आपण मागच्या भागात पाहिले. आज रग्बी. कामशेत-वडगावच्या शाळेतल्या, पकडीत वाघ असलेल्या मुलानं किंवा मुलीनं या खेळाकडे वळायचं ठरवलं, तर त्यावर पोट भरेल का?

इंग्लंडात हा प्रश्न शंभर वर्षं भिजत पडला होता. तिथल्या उत्तरेकडच्या क्लबांमधले खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. शनिवारी सामना म्हणजे कामावर खाडा आणि खाडा म्हणजे मजुरी बुडाली. बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग मिळावेत, एवढंच त्यांचं मागणं. ज्यांना खाड्याची भीती नव्हती अशा साहेबांनी ते फेटाळलं. ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब फुटून निघाले आणि पुढे त्यातूनच तेरा जणांची रग्बी लीग उभी राहिली. पंधरा जणांची रग्बी युनियन मात्र ऑगस्ट १९९५ पर्यंत हौशी राहिली. म्हणजे कागदावर, पाकिटं आधीपासून फिरत होती, हे उघड गुपित होतं.

आता तिथे रीतसर करार होतात. क्लबची अकादमी मुलं विशीच्या आत हेरते आणि पुढचं आयुष्य दोन-तीन वर्षांच्या करारांत मोजलं जातं. स्क्रममध्ये, म्हणजे दोन संघांच्या रेटारेटीत, पुढच्या फळीत खांदा लावणारा प्रॉप पस्तिशीपर्यंत टिकू शकतो, कारण ती ताकद आणि ते डावपेच वयानं मुरतात. कडेनं धावणाऱ्या विंगरचा वेग त्याआधीच उतरू लागतो. शिवाय क्लबच बुडाला तर? इंग्लंडच्या वरच्या लीगमधले वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब २०२२-२३ च्या एकाच हंगामात कोसळले. शरीराचा हिशेब याहून कडू आहे. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातल्या स्टीव्ह थॉम्पसनला बेचाळिसाव्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो विश्वचषक जिंकल्याचंही आपल्याला आठवत नाही, असं त्यानं जाहीरपणे सांगितलं.

आपल्याकडे १९२४ पासून अखिल भारतीय स्पर्धा आहे, पण पगार नाही. भारतीय महिलांचा पंधरा जणींचा संघ पहिल्यांदा मैदानात उतरला तो २०१८ साली, सिंगापुरात. पुढच्याच वर्षी त्यांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. या संघाची तेव्हाची कर्णधार वाहबिझ भरूचा पुण्याची आणि पेशानं फिजिओथेरपिस्ट. देशाची कर्णधार असूनही पोटासाठी वेगळा पेशा हवा, यातच भारतीय रग्बीची आजवरची कथा आली.

जून २०२५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात, रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, सात-सात जणांचा खेळ, सोळा मिनिटांचा सामना. लिलावात सर्वांत महाग ठरलेला भारतीय खेळाडू मोहित खत्री. त्याची बोली ४ लाख ७५ हजारांची. दोन आठवड्यांच्या स्पर्धेला ही रक्कम वाईट नाही, पण उरलेल्या पन्नास आठवड्यांचं काय?

मला विचाराल तर मावळातल्या घरांसाठी खरी बातमी दिल्लीच्या एका रूक्ष आदेशात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं खेळाडूंच्या थेट भरतीसाठीची यादी ४३ खेळांवरून ६३ वर नेली. नव्या विसांत आपला मल्लखांब आहे आणि रग्बीही आहे. नोकरी गट क मधली. पण दरमहा पगार, सुट्टीचे नियम आणि निवृत्तीची सोय. लिलावाला हे कुठलं जमायला? सहा शिलिंगांच्या भांडणावर आपल्याकडे सापडलेला तोडगा हा असा, सरकारी.

मग मुलांनी काय शिकायचं? कबड्डीतली घोट्याची पकड रग्बीतही चालते, आणि मोठ्या अंगाच्या गड्याला पाडायला तीच बरी. मात्र खांद्याच्या रेषेच्या वर हात गेला की फाऊल. मानेला विळखा पडला तर मैदानाबाहेरही जावं लागू शकतं. हात न गुंडाळता नुसता खांदा मारणंही बंद. सर्वांत अवघड जातं ते हातातला चेंडू फक्त मागे देत पुढे पळणं; मध्यरेषेकडे एकट्यानं झेपावायची सवय असलेल्या चढाईपटूला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. आणि राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धा खेळलात, तर प्रमाणपत्र घडी न घालता जपून ठेवा. भरतीच्या टेबलावर आधी तेच मागतात.

(पुढील आठवड्यात : रेल्वेतला खेळाडू)