आश्रय नाकारल्यानंतर

कॅनडात आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, तरी बहुतेक अर्जदारांना त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते आणि तिथेही हरल्यास संघीय न्यायालयाचे दार ठोठावता येते. ही व्यवस्था आज रुळलेली दिसते, पण तिचा पाया १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालात आहे. तो खटला लढवणारे बहुतेक अर्जदार भारतातून गेलेले शीख होते.

सिंग विरुद्ध रोजगार व स्थलांतर मंत्री या नावाने तो खटला ओळखला जातो. त्या काळी १९७६ च्या कायद्यानुसार स्थलांतर अधिकारी अर्जदाराचा जबाब शपथेवर घेई. जबाबाची प्रत सल्लागार समितीकडे जाई आणि समितीच्या सल्ल्यावरून मंत्री निर्णय देई. समितीपुढे आणखी कोणती माहिती होती, तिला शंका कशाची आली, हे अर्जदाराला कळत नसे. पुढे अपील मंडळाकडे जाता येई, पण दावा सिद्ध होण्याजोगा आहे असे मंडळाला कागदांवरूनच पटले तरच सुनावणी मिळे. थोडक्यात, तोंड उघडण्याची परवानगी मिळण्याआधी माणसाने कागदावर जिंकलेले असावे, अशी ती अट होती.

४ एप्रिल १९८५ रोजी सहाही न्यायाधीशांनी अर्जदारांच्या बाजूने कौल दिला. तिघांनी १९६० च्या हक्क विधेयकाचा आधार घेतला, तर तिघांनी नव्या हक्क सनदेतील सातव्या कलमाचा. सनदेचा आधार घेणारा निकाल न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी लिहिला. त्या न्यायालयावर नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला. जीवित, स्वातंत्र्य आणि सुरक्षिततेचा हक्क ‘प्रत्येकाला’ आहे असे सनद म्हणते, आणि कॅनडाच्या भूमीवर उभा असलेला परका माणूसही त्या ‘प्रत्येका’त येतो, असे त्यांनी ठरवले. एखाद्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा की नाही यावरच त्याचे भवितव्य ठरणार असेल, तर त्याला समोर बसवून ऐकलेच पाहिजे. प्रत्येकाला ऐकणे खर्चाचे आणि अडचणीचे आहे, हा सरकारचा युक्तिवाद त्यांनी मानला नाही. हे योग्यच झाले. माणूस खरे बोलतो आहे की खोटे, हे त्याला न पाहता ठरवणे कोणत्याही न्यायासनाला शोभणारे नाही. या निकालानंतर कायदा बदलला आणि १ जानेवारी १९८९ पासून स्थलांतर व निर्वासित मंडळ हे स्वतंत्र न्यायाधिकरण कामाला लागले.

आज दाव्याची पहिली सुनावणी या मंडळाच्या निर्वासित संरक्षण विभागात होते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांमुळे छळाची सकारण भीती आहे, किंवा परतल्यास जिवाला धोका वा यातनांची शक्यता आहे, हे अर्जदाराने दाखवायचे असते. शपथेवर सांगितलेली गोष्ट खरी धरायची, शंकेला ठोस कारण असेल तरच ती बाजूला ठेवायची, असा तिथला जुना दंडक आहे. तरीही कितीतरी दावे विश्वासार्हतेवरच पडतात. लेखी निवेदनात एक तारीख आणि दुभाष्यामार्फत दिलेल्या जबाबात दुसरी, एवढी विसंगतीही महाग पडू शकते.

दावा फेटाळण्याचे दुसरे मोठे कारण मराठी वाचकाला चमकवणारे आहे. पंजाबातून आलेल्या अर्जदाराला हमखास विचारले जाते, ‘गावात धोका आहे, तर मुंबईत का राहत नाही?’ मायदेशातच दुसरीकडे सुरक्षित राहता येत असेल, तर परदेशाचे संरक्षण मिळत नाही, हे तत्त्व यामागे आहे. कधी मुंबई, कधी दिल्ली, कधी कोलकाता असे शहर सुचवले जाते आणि तिथे आपण का राहू शकत नाही हे अर्जदाराने पटवायचे असते. कसोट्या दोन: तिथेही छळाची गंभीर शक्यता आहे का, आणि नसल्यास त्या माणसाच्या परिस्थितीत तिथे जाऊन राहणे वाजवी आहे का? दुसरी कसोटी फार कडक लावली जाते. नोकरी मिळणार नाही, भाषा येत नाही, नातेवाईक नाहीत एवढ्याने भागत नाही. त्यामुळे वाद पहिलीवर रंगतो. छळणाऱ्याला या माणसाला शोधून काढण्याची इच्छा आणि ताकद आहे का? मुंबईत भाड्याने खोली घेताना घरमालक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतो, ही आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट ओटावा-टोरांटोच्या न्यायालयांत बारकाईने तपासली जाते. त्या नोंदीवरून पंजाबच्या पोलिसांना पत्ता लागेल की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचा मुक्काम अवलंबून असतो.

पहिल्या विभागात हरल्यावर निर्वासित अपील विभाग येतो. २००१ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात त्याची तरतूद होती, पण तो प्रत्यक्षात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाला. इतकी वर्षे संसदेने दिलेला हक्क कागदावरच राहिला, हे त्या देशाला भूषणावह नाही. लेखी कारणे हाती पडल्यापासून १५ दिवसांत अपिलाची सूचना द्यावी लागते. काम बहुतेक कागदांवर आणि पहिल्या सुनावणीच्या ध्वनिमुद्रणावर चालते. नवा पुरावा फक्त नकारानंतर निर्माण झालेला किंवा आधी आणणे शक्य नसलेला चालतो. अपील विभागाने पुराव्याकडे स्वतःच्या नजरेने पाहून स्वतःचे मत बनवले पाहिजे, असे संघीय अपील न्यायालयाने २०१६ मध्ये हुरुग्लिका खटल्यात स्पष्ट केले. हा विभाग स्वतः संरक्षण देऊ शकतो. म्हणूनच संपूर्ण वाटेवरचा हा सर्वांत मोलाचा टप्पा म्हणावा लागेल. मात्र ज्यांचा दावा उघडपणे निराधार ठरवला गेला, त्यांना हा टप्पा मिळत नाही. उलट, दावा मान्य झाला तर सरकारही इथे अपील करू शकते.

त्यानंतर संघीय न्यायालय. याचा अधिकार आपल्या उच्च न्यायालयातील रिट याचिकेसारखा समजावा: न्यायाधीश अर्जदाराची कहाणी पुन्हा ऐकत नाही, निर्णय कसा घेतला गेला ते तपासतो. आधी परवानगी मागावी लागते, आणि तीही सर्वसाधारणपणे १५ दिवसांत. नाकारली तर सहसा कारणे दिली जात नाहीत आणि त्या नकारावर अपील नाही. परवानगी मिळाल्यास प्रश्न एकच असतो: निर्णय वाजवी होता का? २०१९ च्या वाविलोव्ह निकालापासून निर्णयामागची कारणमीमांसा सुसंगत आणि पुराव्याला धरून असणे आवश्यक मानले जाते. समजा, पोलीस अजूनही घरी चौकशीला येतात असे गावच्या सरपंचाने शपथपत्रावर लिहून दिले आहे आणि निर्णयात त्याचा उल्लेखच नाही. पुरावा जितका महत्त्वाचा, तितके त्याबद्दलचे मौन संशयास्पद, असे न्यायालयाने १९९८ मध्येच म्हटले आहे. अशी चूक दिसली की निर्णय रद्द होतो, पण न्यायालय सहसा स्वतः आश्रय देत नाही. प्रकरण त्याच मंडळातल्या दुसऱ्या सदस्याकडे परत जाते आणि तिथे पुन्हा नकार येऊ शकतो.

दरम्यान हद्दपारीचे काय, ही अर्जदाराची खरी धास्ती. अपील विभागाच्या निर्णयाविरुद्ध वेळेत न्यायालयात गेल्यास हद्दपारी सर्वसाधारणपणे आपोआप थांबते. अपिलाचा टप्पाच न मिळालेल्यांना मात्र स्थगिती वेगळी मागावी लागते. त्यासाठी गंभीर कायदेशीर मुद्दा, भरून न येणारी हानी आणि तोल आपल्या बाजूने असणे, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. अशी सुनावणी कधी कधी विमानाच्या आदल्या दिवशी होते.

सगळे मार्ग संपले आणि देश सोडण्याचा आदेश लागू झाला, की ३० दिवसांत स्वतःहून निघून जाणे आणि सीमेवर त्याची नोंद करणे बंधनकारक असते. मुदत उलटली की तोच आदेश हद्दपारीचा होतो आणि पुन्हा कॅनडात यायचे तर विशेष परवानगी लागते. नातलगांपैकी कोणी या वाटेवर असेल, तर एवढे त्याला जरूर सांगावे: नकाराचे पत्र आले त्याच दिवशी वकील गाठावा. स्थलांतर सल्लागाराला संघीय न्यायालयात बाजू मांडता येत नाही, आणि पंधरा दिवस फार लवकर सरतात.