नळाला पाणी किती दिवसांनी येते?

मृगाचा पहिला पाऊस पडला की हिंगोली जिल्ह्यात शेतकरी पेरणीच्या घाईला लागतात आणि सरकारी दवाखान्यांत सलाइनच्या बाटल्या भराभर संपू लागतात. आधी हगवण-उलट्या, मग विषमज्वर आणि महिना-दीड महिन्याने कावीळ, हा क्रम तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना पाठ झालेला असतो. लोक म्हणतात, नवे पाणी बाधले. ते अर्धेच खरे आहे. नवे पाणी येण्याआधी जे दोन महिने पाणीच नव्हते, त्यांचाही या आजारांत मोठा वाटा असतो.

हिंगोली हा मुळात बीड किंवा धाराशिवसारखा कमी पावसाचा जिल्हा नव्हे. इथे सरासरी आठशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पैनगंगेवर इसापूर, पूर्णेवर सिद्धेश्वर आणि हद्दीला लागूनच, परभणी जिल्ह्यातले येलदरी, अशी मोठी धरणे जवळ आहेत. तरीही सेनगाव, कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांतल्या माळावरच्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत खासगी विहिरी अधिग्रहित कराव्या लागतात, टँकरचे प्रस्ताव तहसीलला जातात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण अशाच गावांसाठी आहे. कालव्याचे पाणी उतारावरच्या शेतांना मिळते. धरणापेक्षा उंचावर वसलेले गाव आपल्या विहिरीवरच जगते.

आणि त्या विहिरीखालचा खडक कंजूष आहे. मराठवाड्याची जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. शंभर घनमीटर खडकातून उपसता येण्याजोगे पाणी साधारण एक ते तीन घनमीटर. म्हणजे ही टाकी लवकर भरते आणि लवकर रिकामीही होते. भरल्यानंतर वरून कितीही पाऊस कोसळला तरी तो ओढ्याने निघून जातो. ऑगस्टमध्ये विहीर काठोकाठ भरली म्हणून मार्चची चिंता मिटली, असे या खडकात होत नाही.

हवामानबदल नेमका इथे आडवा येतो. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. मग पाऊस थांबतो तेव्हा लांबतो आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याने जुलै 2022 मध्ये हा अनुभव घेतला. एका रात्रीच्या पावसाने गावात आणि घराघरांत पाणी शिरले. सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीलाही जिल्ह्यात अशीच अतिवृष्टी झाली. वर्षाचा एकूण पाऊस कागदावर सरासरीइतका दिसतो. पण मुरमात मुरणारा संथ, रिपरिप पाऊस त्यात किती होता, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

याचा पोटाशी संबंध काय? तो समजायला जमिनीत पुरलेली जलवाहिनी डोळ्यांसमोर आणावी लागते. पाण्याने भरलेल्या, दाबाखालच्या जलवाहिनीला भेग पडली तर पाणी बाहेर येते. रिकाम्या जलवाहिनीला भेग असेल तर बाहेरचे आत जाते. उन्हाळ्यात नळ चार, आठ, दहा दिवसांनी सुटतो. मधले सगळे दिवस जलवाहिनी रिकामी असते आणि बहुतेक गावांत ती सांडपाण्याच्या नालीला खेटून, कधी नालीतूनच गेलेली असते. नळ सुटला की दाब कमी म्हणून घरोघरी नळालाच मोटार लावली जाते. ती मोटार टाकीतले पाणी ओढते, तसे भेगांमधून नालीचेही ओढते. पहिल्या पावसाने नाल्या तुंबल्या, उघड्यावरची घाण वाहून आली, की या व्यवस्थेत जे जायचे ते जाते. म्हणून आजाराच्या दृष्टीने गावाला किती लिटर पाणी मिळते याइतकाच महत्त्वाचा प्रश्न ते किती दिवसांनी मिळते हा आहे. टंचाईच्या अहवालांत टँकरची संख्या असते. दोन पाणीपुरवठ्यांमधले दिवस मात्र क्वचितच कोणी मोजतो. ते मोजले तर साथीचा अंदाज आधी बांधता येईल.

कावीळ हे याचे सर्वांत फसवे उदाहरण. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस-ई विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात. रुग्ण दिसू लागतात तोवर भेग कुठे होती हे लोक विसरलेले असतात आणि पाण्याचा नमुनाही निर्दोष येतो. 1955 च्या अखेरीस दिल्लीत हेच घडले. पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला, वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी सांडपाणी पोहोचले, क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. विषमज्वराची साथ त्यामुळे टळली, पण काही आठवड्यांनी काविळीचे सुमारे 29 हजार रुग्ण निघाले. तो हिपॅटायटिस-ई होता, हे पुढे कित्येक वर्षांनी, साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळले. बहुतेक निरोगी माणसे या काविळीतून आपोआप बरी होतात. गर्भवतीचे तसे नाही. सातव्या महिन्यानंतर ती झाली तर यकृत निकामी होऊन पाचातली एखादी दगावू शकते. अशा वेळी गावठी काविळीचे औषध, नाकात थेंब, हातावर डाग यांत गेलेले दोन दिवस फार महाग पडतात.

हे खेड्यापुरतेच आहे असेही नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या भागात गुलियन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई तिथल्या पाण्याकडे वळली.

टंचाईचा दुसरा आजार घरातल्या रांजणात वाढतो. नळ आठ दिवसांनी येणार म्हटल्यावर माणूस हौद, ड्रम, बादल्या, सगळे भरून ठेवणारच. त्यात त्याची चूक नाही. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला तेवढेच, आठ-दहा दिवस लागतात. डासाची मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या ओलसर कडेला. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढले की उबतात. म्हणून पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही. आठवड्यातून एकदा भांड्याची आतली बाजू काथ्याने खसखसून घासावी लागते, आणि बाकी दिवस तोंडाला घट्ट कापड बांधावे लागते. आरोग्य खात्याच्या ‘कोरड्या दिवसा’चा अर्थ हाच. पाणी जपून वापरणाऱ्या घराला पाणी फेकायला सांगणे कठीण जाते, हे आशाताईंना विचारावे. त्यावर त्यांच्यापैकी अनेकींनी शोधलेला उपाय सोपा आहे: नळ यायच्या आदल्या दिवशीच कोरडा दिवस पाळायचा आणि तळाचे पाणी झाडांना घालायचे.

उथळ विहीर आटली की लोक खाली जातात. याचाही एक इतिहास आहे. पायऱ्यांच्या बारवांतून नारू पसरत असे. माणूस पाण्यात उतरला की पायाच्या फोडातून कृमीची पिल्ले पाण्यात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने हातभर लांब जंतू बाहेर पडे. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर आणि हातपंप गावोगाव गेले. जालना आणि सोलापूर इथे हातपंपात झालेल्या सुधारणांतूनच पुढे ‘इंडिया मार्क-टू’ हा देशभर गेलेला पंप घडला. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला, 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. बोअरने आपल्याला वाचवले, यात शंका नाही. पण दोनशे फुटांवरून चारशे, मग सहाशे फुटांवर जाताना पाण्याची जात बदलते. खोल खडकात जास्त काळ राहिलेल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड उतरते. शेजारच्या यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत तो जुना प्रश्न आहे. मुलांचे दात तपकिरी पट्ट्यांचे होतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा.

नायट्रेट मात्र वरून येते. युरिया, उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा, हे त्याचे उगम. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटने ग्रासलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि यवतमाळ, हिंगोलीचे दोन्ही शेजारी, पुढच्या रांगेत आहेत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, ओठ आणि नखे निळसर पडतात. इथे पाणी उकळणे कामाचे नाही. उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते. या वयाच्या बाळाला आईचेच दूध पाजावे, याचे हे आणखी एक कारण.

या भीतीतून थंड पाण्याच्या जारचा धंदा फोफावला. जारमधले पाणी गोड लागते, क्षार कमी असतात. पण त्यात क्लोरीन नसते. एकदा हात बुडला, जार नीट धुतला गेला नाही, की त्यात जंतू वाढायला काही आडकाठी राहत नाही. चव आणि थंडपणा यांवरून पाणी शुद्ध ठरवणे ही सध्याची सर्वांत महागडी समजूत म्हणावी लागेल.

त्यामानाने टीसीएल पावडर कवडीमोल आहे आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असते. तोंड उघडे राहिलेल्या पोत्यात, मे महिन्याच्या उन्हात, ते उडून जाते. हजार लिटरला अडीच ग्रॅम हा नेहमीचा हिशेब, आणि टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचे. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी मात्र क्लोरीन खाऊन टाकते. तिथे आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा आणि मग मात्रा वाढवावी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने टाकीवर पावडर टाकली, एवढ्यावर समाधान मानू नये. गावाच्या टोकाच्या शेवटच्या नळावर ओटी चाचणी घ्यावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन तिथवर पोहोचले. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवे. कुठल्याही ग्रामसभेत सरपंचांना विचारावा असा प्रश्न आहे: काल शेवटच्या नळावर ओटी किती आली?

पण रिकाम्या जलवाहिनीवर क्लोरीन हा उतारा आहे, इलाज नव्हे. इलाज म्हणजे मे महिन्यातही जलवाहिनी रोज थोडा वेळ तरी भरलेली राहणे, आणि त्यासाठी पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून ठेवणे. हळदीचे पीक आठ-नऊ महिने रानात असते, उसाचे त्याहून जास्त. दोन्ही पिकांवर इथली घरे चालतात, तेव्हा ती लावूच नका म्हणणे सोपे नाही आणि न्याय्यही नाही. मात्र सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर नको, हा नियम राज्यात 1993 च्या कायद्यापासून आहे. तो पाळला जातो की नाही, हे प्रत्येक गावाला ठाऊक असते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायला सुरुवात केली. आधी माणसे आणि जनावरे, मग शेत. हिंगोलीतही वाशीमकडून येणाऱ्या कयाधूच्या खोऱ्यात उगम ग्रामीण विकास संस्थेने गावकऱ्यांना घेऊन नदी पुन्हा जिवंत करण्याचे काम केले आहे. माथ्यावर पाणी अडवले तर तो कंजूष मुरूम निदान दोन-चार आठवडे जास्त ओला राहतो. मे महिन्यात दोन-चार आठवडे ही मोठी गोष्ट आहे.

तोवर घरात करण्याजोगे एवढे: नळ सुटल्यावर पहिली पंधरा मिनिटे आलेले पाणी धुण्याभांड्याला ठेवावे, पिण्याचे त्यानंतर भरावे. माठातून पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. हगवण लागली तर ओआरएस लगेच सुरू करावे, लहान मुलाला सोबत डॉक्टरांनी दिलेले झिंक पूर्ण 14 दिवस द्यावे. आणि घरात गर्भवती असेल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिचे पिण्याचे पाणी वेगळे, खळखळून उकळलेले असावे. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, सतत मळमळ झाली किंवा ती गुंगीत वाटली तर त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे.