सोबत हेही आरोग्यच

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींची सुस्थिती त्यात अभिप्रेत आहे, ही भूमिका तिने आरंभीच घेतली. आपण रक्तदाब मोजतो, साखर तपासतो, अलीकडे मनाच्या आजारांविषयीही बोलू लागलो आहोत. तिसऱ्या अंगाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आपल्यामागे कोण उभे आहे आणि आपण कोणामागे उभे आहोत, हा प्रश्नही आरोग्याचाच आहे, एवढेच आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा अभ्यास सुरू झाला. बोस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांची स्वतंत्र पाहणीही पुढे त्याला जोडली गेली. आठ दशकांहून अधिक काळ चाललेल्या या अभ्यासात असे आढळले, की पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी होते. वार्धक्यातील प्रकृतीचा अंदाज कोलेस्टेरॉलपेक्षा नात्यांवरून अधिक चांगला बांधता आला. अभ्यासाचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर हे मनोविकारतज्ज्ञ असून झेन परंपरेतील आचार्यही आहेत. त्यांच्या मते, नाती ताण हलका करतात. मन मोकळे करायला कोणी नसेल, तर शरीर सतत सावध अवस्थेत राहते आणि हळूहळू झिजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींमागे एक एकाकीपणाने ग्रासलेली आहे आणि वर्षाला सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी त्याचा संबंध आहे.

आपल्या समाजाला हे वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. अस्पृश्यता म्हणजे लादलेले एकाकीपणच होते. पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, पंगत वेगळी. म्हणूनच बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले, त्याचे मोल दोन वेळच्या जेवणापुरते नव्हते. गावाने दूर ठेवलेली मुले तेथे एका छताखाली, एका पंगतीला बसून शिकू लागली. आपले विद्यालय त्याच वाटेवरचे आहे.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग येतो. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याचा इतरांना काही उपयोग नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी पाणी घातले, आनंदांनी त्याचे अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग तथागतांनी भिक्खूंना समज दिली, की येथे आईवडील नाहीत, तेव्हा शुश्रूषा एकमेकांनीच करावयाची आहे. वसतिगृहात तापाने फणफणलेल्या मित्राच्या उशाशी बसलेल्या प्रत्येकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आशेचेही असेच आहे. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेची दोन अंगे सांगितली: ध्येयाकडे नेणारे मार्ग सुचणे आणि त्या मार्गाने चालण्याचे बळ वाटणे. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला ही दोन्ही बहुधा दुसऱ्याकडून मिळतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा वरच्या वर्गातला दादा मार्ग दाखवतो. निकाल बिघडल्यावर पुन्हा बसायला लावणारी ताई बळ देते.

शाळा सुटल्यावर हे धागे आपोआप टिकत नाहीत. शहरात खोली शोधताना आजही आडनाव विचारले जाते. नोकरी मिळते, पण मनातले बोलायला कोणी नसते. गावी आईवडील वाट पाहत असतात. म्हणून सोबत हीसुद्धा व्यायामासारखी नित्य करावयाची गोष्ट आहे. आठवड्यातून एकदा, काही काम नसतानाही, कोणाला तरी फोन करावा. महिन्यातून एकदा विहारात यावे आणि वंदनेनंतर लगेच न निघता थोडे थांबावे. आपल्या शहरात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला एक वेळ घरी जेवू घालावे. आणि उदासी आठवडे-आठवडे हटत नसेल, तर संकोच न करता डॉक्टरांना भेटावे. अशा वेळी आपल्याबरोबर दवाखान्यात कोणी यावे, यात कमीपणा नाही.

या स्मरणिकेतील जुन्या छायाचित्रांत असा एखादा चेहरा आपणांस नक्की दिसेल, ज्याची कित्येक वर्षांत खबर नाही. स्मरणिका मिटण्यापूर्वी त्याचा पत्ता विचारावा, एवढी आमची विनंती आहे.