सायकल चालते, मग पाय का अडतात?

भडगावच्या बाजारात सत्तरी ओलांडलेले असे एखादे आप्पा हमखास दिसतात. मळ्यातून गावापर्यंतचं चार किलोमीटर अंतर ते सायकलवर सहज कापतात. पण सायकल स्टँडला लावून पायी निघाले, की शंभर-दीडशे पावलांत मांड्या जड होतात, पोटऱ्या भरून येतात, तळपायाला मुंग्या येतात. मग एखाद्या दुकानाचा ओटा गाठायचा, नाहीतर आहे तिथंच उकिडवं बसायचं. दोन-तीन मिनिटांत पाय मोकळे होतात आणि पुढची शंभर पावलं पडतात. घरात मात्र एकच सूर असतो: ‘सायकल मारता येते, मग चालायलाच काय होतं? नाटकं नुसती!’

नाटकं नव्हेत. सायकल चालते आणि पाय अडतात, ही कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाल्याची मोठी खूण आहे. व्हॅन गेल्डरेन नावाच्या एका डच डॉक्टरानं १९४८ सालीच ती टिपली होती. घरोघरी सायकल असणाऱ्या देशातल्या डॉक्टरालाच हे सुचावं, यात नवल नाही. वैद्यकीय जगानं मात्र त्याच्याकडे पाहिलं ते जवळजवळ तीस वर्षांनी. १९७७ मध्ये डायक आणि डॉयल या अमेरिकी डॉक्टरांनी ‘सायकल चाचणी’ नव्यानं मांडली आणि प्रामाणिकपणे व्हॅन गेल्डरेनचं नाव तिच्या मथळ्यातच घातलं.

या चाचणीची गंमत अशी, की ती दोन सारख्या दिसणाऱ्या दुखण्यांना वेगळं करते. पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्या, तरीही चालताना पोटऱ्या धरतात. तंबाखू-विडीवाल्यांना आणि मधुमेहींना हा त्रास जास्त. पण त्यांचा पाय सायकल मारतानाही दुखतो आणि नुसतं उभं राहिलं तरी दुखायचा थांबतो. मणक्याच्या रुग्णाला उभं राहून चैन पडत नाही; बसावं किंवा वाकावंच लागतं.

असं का, यासाठी आत डोकावावं लागेल. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली पायांकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा मणक्यांमधल्या नळीतून उतरतो. वय वाढलं की पुढून चकती फुगते, बाजूचे सांधे जाड होतात आणि मागच्या बाजूचा पिवळसर अस्थिबंध सुजल्यासारखा जाडजूड होतो. तिन्हीकडून अतिक्रमण झालं, की नळीचा पुढून मागचा व्यास १२ मिलिमीटरच्या खाली येतो आणि काहींचा तर १० च्याही खाली.

गिरणेवरच्या जामदा बंधाऱ्याचं पाणी ज्यांनी शेतात घेतलं आहे, त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. चारीत गाळ साचला, कडेनं बेशरम माजली, तरी बारीक धार चालू असेतो कुणाची तक्रार नसते. आवर्तन सुटलं की चारी तुंबते, आणि बोंब उठते ती टेलच्या शेतकऱ्याची. इथंही तसंच. माणूस पडून असतो तेव्हा नसांची मागणी कमी असते, त्यामुळे अरुंद नळीतही भागतं. चालू लागलं की नसांना जास्त रक्त हवं असतं, पण दाबामुळे तिथलं रक्त तुंबतं आणि नसा कुरकुरू लागतात. अडचण कमरेत, बोंब पोटरीत. म्हणूनच पोटरीला कितीही तेल चोळलं तरी उपयोग होत नाही.

फरक इतकाच, की चारीला वाकता येत नाही, माणसाला येतं. ताठ उभं राहिल्यावर तो जाड अस्थिबंध नळीत आत फुगतो. पुढे वाकल्यावर ताणला जाऊन बाजूला सरतो आणि नसांना जागा मिळते. सायकलच्या हँडलवर ओणवा झालेला शेतकरी नकळत स्वतःची नळी रुंद करत असतो. कापूस वेचणाऱ्या एखाद्या आजींचंही तेच. दिवसभर ओळीत वाकून वेचणी निभते; संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन ताठ चालायची वेळ आली, की बांधावर तीनदा बसावं लागतं.

या दुखण्याला वैद्यकाच्या नकाशावर आणण्याचं श्रेय हेंक व्हेर्बीस्ट या उट्रेख्टच्या शल्यचिकित्सकाचं. हाही डचच! त्याचा पहिला लेख १९४९ मध्ये फ्रेंचमध्ये छापून आला आणि फारसा कुणी वाचला नाही. १९५४ मध्ये त्यानं इंग्रजीत सात रुग्णांची हकिकत मांडली, तेव्हा कुठे लोक ऐकू लागले. खाटेवर झोपवून तपासलं तर या रुग्णांमध्ये जवळजवळ काहीच सापडायचं नाही. तक्रार उभं राहिल्यावर आणि चालल्यावरच येते, या रुग्णांच्या सांगण्यावर व्हेर्बीस्टनं विश्वास ठेवला. शोध लागला तो तिथं.

आज उलटी गत झाली आहे. पेशंट चालून दाखवायच्या आधीच एमआरआय होतो, आणि अहवालात ‘नळी अरुंद’ असं वाचलं की घर हादरतं. स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कंबरदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या ६७ लोकांचे एमआरआय काढले. त्यांतल्या साठीपुढच्यांपैकी २१ टक्क्यांची नळी अरुंद निघाली. या मंडळींना दुखत काहीच नव्हतं! मग ‘गॅप भरून देतो’, ‘नस मोकळी करतो’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींवर किती विसंबायचं? पट्टा बांधून किंवा मशीन फिरवून वाढलेलं हाड मागे हटत नाही.

नळी तेवढीच अरुंद असताना एक जण हिंडतो-फिरतो आणि दुसरा खाट धरतो. यामागे बऱ्याचदा एक दुर्लक्षित कारण असतं: मांड्या आणि कुल्ल्यांचे स्नायू. दुखतं म्हणून चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की स्नायू झडतात आणि झडलेल्या स्नायूंवर चालणं आणखी अवघड होतं. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठी ओलांडलेल्या निरोगी लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले. आपल्याकडे मात्र कंबर धरली की पहिला सल्ला ‘महिनाभर पडून राहा’ हाच!

गेलेली ताकद परत येते का? १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने या डॉक्टर बाईंनी सरासरी नव्वद वर्षं वयाच्या दहा जणांना घेतलं आणि पायांना चांगलं जड वजन लावून आठ आठवडे व्यायाम करायला लावला. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी तर काठी सोडली. शस्त्रक्रियेच्या एखाद्या नव्या यंत्राची जेवढी वाहवा होते, तिचा दहावा हिस्सा तरी या बाईंच्या वाट्याला यायला हवा होता. १९९४ मध्ये त्यांनी शंभर वृद्धांवर पुढचा अभ्यास केला. त्यात व्यायामाशिवाय नुसतं पूरक पोषणाचं पेय दिल्यानं स्नायूंच्या दुबळेपणात फरक पडला नाही. महागड्या प्रोटीन पावडरीचा डबा घेण्याआधी हे ध्यानात ठेवलेलं बरं. स्नायूंना प्रथिनं लागतातच, पण ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीतून, डाळीतून, अंड्यांतून ती मिळू शकतात.

शस्त्रक्रिया वाईट, असा याचा अर्थ नाही. मणक्याची मागची कमान काढून नसांना जागा करून दिली, की अनेकांचं चालणं सुधारतं. पण घाई किती करावी? २०१५ मध्ये शस्त्रक्रियेला तयार असलेल्या १६९ अमेरिकी रुग्णांना दोन गटांत विभागून एका गटाला शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला फिजिओथेरपी दिल्याचा अभ्यास आला. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल सारखीच निघाली. व्यायामाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही सांगायला हवं. म्हणजे आधी काही महिने नेटानं व्यायाम, नाही भागलं तर शस्त्रक्रिया, हा क्रम बहुतेकांना चालतो. स्क्रू-पट्ट्यांचा आग्रह असेल तर आणखी एक अभ्यास डॉक्टरांपुढे ठेवावा. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या २४७ रुग्णांवरच्या चाचणीत नुसती जागा करून देणं आणि सोबत मणके जोडणं, यांच्या परिणामात फरक दिसला नाही.

आपल्याकडे मणक्याच्या शस्त्रक्रियेला नाव मिळवून देणारे डॉ. प्रेमानंद रामाणी हे मूळचे गोव्याचे, मुंबईच्या शीव रुग्णालयात न्यूरोसर्जरी विभागाचे प्रमुख होते. मणके जोडण्याच्या तंत्रात त्यांचा हातखंडा, आणि तरीही हा माणूस स्वतः जगभरच्या मॅरेथॉन धावत राहिला. एवढा नामांकित सर्जन पायांवर इतका विश्वास ठेवतो, हे त्यांच्या शस्त्रक्रियांइतकंच बोलकं आहे.

वृद्धांची ताकद मोजणं अवघड नाही. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या, जोडीदारांसह ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तेव्हा मुठीची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला. घरी एवढंसुद्धा लागत नाही. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, हात छातीशी बांधा, पाच वेळा उठा-बसा आणि घड्याळ पाहा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांची ताकद घटली आहे असं समजावं. जी चाचणी, तोच व्यायाम: दिवसातून दोन-तीनदा, आधी उंच ओट्यावरून, मग खुर्चीवरून, कुणीतरी जवळ उभं असताना. सोबत सायकल चालू ठेवावी. चालताना अडलं तर निःसंकोच बसावं आणि पुन्हा निघावं.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागेची संवेदना गेली, किंवा पाऊल उचलेनासं होऊन चप्पल गळून पडू लागली, तर व्यायाम, पट्टा, मालिश सगळं बाजूला ठेवावं आणि त्याच दिवशी जळगाव किंवा धुळ्याचं मोठं रुग्णालय गाठावं.